तीन रुपये दोन आणे वजन, किंमत ४६ लाख

सराफाचा तराजू घ्या. एका पारड्यात राणीछाप कलदार रुपये टाका. एक, दोन, तीन. त्यावर दोन आण्यांची चांदीची चवली. आता दुसऱ्या पारड्यात जेकब हिरा ठेवा. काटा जवळपास मधोमध येईल आणि थांबता थांबता हिऱ्याकडे जरासा झुकेल, इतकंच. व्हिक्टोरिया राणीच्या काळचा रुपया तोळाभर वजनाचा, ११.६६ ग्रॅमचा. हिरा १८४.७५ कॅरेटचा, म्हणजे ३७ ग्रॅमला किंचित कमी. वजनाने सव्वातीन रुपयांच्याही आतला हा दगड १८९१ मध्ये हैदराबादचा सहावा निजाम, मीर महबूब अली खान, याने घ्यायचा ठरवला. सौदा ठरला ४६ लाख रुपयांना.

४६ लाख म्हणजे आज पुण्यात धड एक बरा फ्लॅट येत नाही, असं म्हणून पुढे जाऊ नका. ते नोटांचे लाख नव्हते, चांदीचे होते. समजा, ही रक्कम जवळा बाजारच्या मोंढ्यातून मोजून पाठवायची आहे. मोजायला बसा. सेकंदाला एक रुपया, ना जेवण ना झोप, रात्रंदिवस. ५३ दिवस लागतील. मग वजन करा. साडेत्रेपन्न टन! बैलगाडीवर अर्धा टन ओझं धरलं तर १०७ गाड्या. पहिल्या गाडीचे बैल औंढ्याच्या रस्त्याला लागून पाऊण किलोमीटर पुढे गेलेले असतील आणि शेवटची गाडी अजून मोंढ्यातच जुंपत असेल. आणि एवढ्या लांब रांगेच्या बदल्यात काय आणायचं? मुठीत मावेल असा एक दगड.

अजून समाधान झालं नसेल तर हे रुपये जमिनीवर एकाला एक चिकटवून मांडू. राणीछाप रुपयाचा व्यास सुमारे साडेतीस मिलिमीटर. मुंबईच्या सीएसएमटीपासून रुळांच्या कडेने मांडत निघा. ठाणं गेलं, कल्याण गेलं, कर्जत गेलं, घाट चढून लोणावळाही मागे पडलं, तरी रुपये शिल्लक. १४० किलोमीटरवर, कामशेतच्या जरा अलीकडे, थैली रिकामी होते. पुण्यापर्यंतचे १९२ किलोमीटर पुरे करायला ६३ लाख लागतात. हे माप लक्षात ठेवा, पुढे वारंवार लागणार आहे: ६३ लाख रुपये म्हणजे मुंबई-पुणे, आणि एक कोटी रुपये म्हणजे साधारण ११७ टन चांदी, आजच्या मालगाडीचे दोन डबे.

सौद्यापैकी निम्मी रक्कम, २३ लाख, आगाऊ दिली गेली. दगड पाहिल्यावर निजामाचं मन फिरलं, पैसे परत मागितले, प्रकरण कलकत्त्याच्या न्यायालयात गेलं, आरोप झाले, शेवटी तडजोड झाली आणि हिरा निजामाकडे राहिला. पुढे त्याच्या मुलाला, सातव्या निजामाला, तो वडिलांच्या जुन्या जोड्याच्या टोकात सापडला म्हणतात. त्याने तो कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवला. साडेत्रेपन्न टन चांदीच्या मोलाचं पेपरवेट!

हा हिरा विकणारा अलेक्झांडर माल्कम जेकब सिमल्याचा जवाहिऱ्या. इतका गूढ आणि रंगेल माणूस की इंग्रजी लेखकांना तो सोडवेना. मॅरियन क्रॉफर्डने १८८२ मध्ये त्याच्यावरून 'मिस्टर आयझॅक्स' लिहिली, आणि रुडयार्ड किपलिंगच्या 'किम'मधला लर्गन साहेब त्याच्यावरच बेतलेला. म्हणजे व्हिक्टोरिया काळातल्या साहित्यातलं एक पात्र आपल्या निजामाच्या खजिन्यात हात घालून गेलं. आपल्या म्हणतो, कारण जवळा बाजार, औंढा नागनाथ, हिंगोली हा सगळा मुलूख तेव्हा निजामाच्या परभणी जिल्ह्यात होता. हिंगोली जिल्हा स्वतंत्र झाला तो १ मे १९९९ ला. तोवर आपण परभणीकरच.

आणि हिंगोलीचं नाव तर त्या साहित्यात किपलिंगच्याही आधी, पार १८३९ मध्ये लागलेलं. फिलिप मेडोज टेलर हा निजामाच्या नोकरीतला इंग्रज अधिकारी. त्याच्या 'कन्फेशन्स ऑफ अ ठग'ची छापील पानं पुस्तक बाहेर पडण्याआधीच राणी मागवून वाचत होती, असं सांगतात. त्याच्या प्रस्तावनेत हिंगोलीच्या छावणीतला एक हरिसिंग आहे. प्रतिष्ठित व्यापारी, छावणीतल्या साहेबांशी देणंघेणं असलेला. टेलरनेही त्याच्याशी व्यवहार केलेला. हा हरिसिंग मुंबईहून कापड आणायचा परवाना सरकारकडून रीतसर काढतो, ज्याचं कापड त्या व्यापाऱ्याला वाटेत संपवतो आणि तोच माल छावणीत आणून साहेबांना विकतो. श्रीमंतीचा उगम विचारू नये म्हणतात ते उगाच नाही.

आता विलायतेतली गरिबी पाहू. त्या काळातल्या गरिबाचं जगप्रसिद्ध घर कुठलं? चार्ल्स डिकन्सच्या १८४३ मधल्या 'अ ख्रिसमस कॅरल'मधलं बॉब क्रॅचिटचं. कारकून माणूस, मालक कंजूष, ओव्हरकोट नाही, सहा मुलं, त्यातलं धाकटं पांगळं. पगार आठवड्याला १५ शिलिंग. हे वाचून पिढ्यान्पिढ्या लोकांनी डोळे पुसले. पुसू द्या, पण आपण आपला रुपया काढू. तेव्हा दोन शिलिंगांना एक रुपया. म्हणजे आठवड्याला साडेसात रुपये, वर्षाला ३९०. नवरा-बायको आणि सहा मुलं, आठ माणसं. माणशी पावणेएकोणपन्नास रुपये.

दादाभाई नौरोजींनी १८७६ मध्ये हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरच्या निबंधात सरकारच्याच आकड्यांवरून हिशेब मांडला होता. माणशी वार्षिक उत्पन्न २० रुपये. हे सरासरी उत्पन्न आहे बरं! त्यात राजेरजवाडे आले, शेटसावकार आले, मुंबईचे गिरणीमालक आले. सगळ्यांना एका ढिगात घालून भागाकार केला तरी वीस. जगातला सगळ्यांत प्रसिद्ध गरीब इकडच्या सरासरी माणसाच्या जवळजवळ अडीचपट कमावत होता! साल थोडं मागेपुढे आहे, लंडनची महागाई वेगळी, हेही खरं. ती तफावत तुम्हाला हवी तेवढी वजा करा, तरी आकडा घशाखाली उतरत नाही. त्या पुस्तकाची किंमत होती ५ शिलिंग, अडीच रुपये. इथल्या सरासरी माणसाला ते घ्यायचं तर दीड महिना काही न खाता राहावं लागलं असतं.

आता शिडी वर चढू. वीस रुपये वर्षाला म्हणजे दिवसाला एक आणाही नाही. साडेदहा पै! त्याच देशाचा व्हाइसरॉय घेत होता वर्षाला २,५०,८०० रुपये. दिवसाला ६८७. तासाला साडेअठ्ठावीस, झोपेतसुद्धा. एका हिंदुस्थानी माणसाच्या अख्ख्या वर्षाचे वीस रुपये त्याच्या खात्यावर जमायला लागत ४२ मिनिटं. सीएसएमटीहून जलद लोकल पकडली तर ठाणं यायला साधारण एवढाच वेळ लागतो. गाडीत चढताना एक माणूस आणि ठाण्यात उतरताना त्याचं वर्ष संपलेलं.

आणि राणी? ब्रिटिश पार्लमेंटने राणीला राजवाड्याच्या खर्चासकट लावून दिलेली नेमणूक वर्षाला ३,८५,००० पौंड. पौंडाला दहा रुपये धरले तर साडेअडतीस लाख. मिनिटाला सव्वासात रुपयांहून थोडे जास्त. क्रॅचिटचा आठवडा आठवतोय? साडेसात रुपये. म्हणजे बॉब क्रॅचिटने आठवडाभर गारठलेल्या कचेरीत बोटं चोळत केलेली कारकुनी ही राणीच्या एका मिनिटाच्या बरोबरीची! आणि आपल्याकडच्या माणसाचं वर्ष? पावणेतीन मिनिटं. राणी १८३७ च्या जूनमध्ये गादीवर बसली ती १९०१ च्या जानेवारीत मरेपर्यंत, ६३ वर्षं आणि वर सात महिने. गुणाकार तुम्हीच करा, माझी पाटी भरली.

पण खरा पूर आला तो कापसाचा. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबईकडे तोंड वळवलं. भाव पाहता पाहता चौपटीच्या घरात गेले. १८६५ पर्यंत मुंबईत नेहमीच्या भावापेक्षा वरकड म्हणून जो पैसा आला तो सात ते आठ कोटी पौंडांचा धरतात. खालचाच आकडा घेऊ, ७० कोटी रुपये. मालगाडीत भरू. ८,१६० टन, १३६ डबे; ५८ डब्यांच्या दोन गाड्या भरून तिसरी लावायला लागली. विहिरीत ओतू. वीस फूट व्यासाची, चाळीस फूट खोल अशी आपल्याकडची बरी बांधीव विहीर घ्या; जवळजवळ चार विहिरी काठोकाठ चांदीच्या रुपयांनी भरतात. जमिनीवर मांडू. मुंबई-पुणे १११ वेळा! पृथ्वीच्या अर्ध्या घेराहून जास्त! आणि ही सगळी नुसती वरकमाई.

कापूस पिकला कुठे? खानदेशात, वऱ्हाडात, गुजरातेत, आणि गोदावरी-पूर्णेच्या काळ्या रानात. पैसा मुरला कुठे? मुंबईच्या समुद्रात. समुद्र हटवून जमीन काढायच्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीचा शेअर मूळ किमतीच्या दहापटीवर गेला आणि १ जुलै १८६५ च्या हिशेबाच्या दिवशी सगळा डोलारा कोसळला. प्रेमचंद रायचंदसारखा शेअरबाजाराचा बादशहा जमिनीवर आला. जाता जाता त्याने आईच्या नावाने विद्यापीठाच्या मनोऱ्याला दोन लाख दिले होते, तोच राजाबाई टॉवर, २८० फूट. ते दोन लाख रुपये एकावर एक रचले असते तर टॉवरच्या चारपटीहून उंच गेले असते. मुंबईत मनोरा तरी उभा राहिला. खेड्यात कर्ज राहिलं. भाव होते तेव्हा सावकाराने मागितलं नाही इतकं दिलं, भाव उतरल्यावर एकदम वसुलीला आला. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठली. त्यांना पैसा-दागिना नको होता. त्यांनी खतं मागितली, गहाणखतं, कर्जरोखे, चोपड्या. आणि ती रस्त्यात ढीग करून पेटवली. ७० कोटींच्या पुराचं शेवटचं पाणी ते, दहा वर्षांनी सुप्याच्या रस्त्यावर पेटलेलं.

थांबा, आपल्या हिंगोलीचा एक जबरदस्त हिशेब राहिला. हिंगोलीत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. फौज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमातली, खर्च निजामाचा. असल्याच छावण्या जालना, औरंगाबाद, मोमिनाबाद, एलिचपूर अशा ठिकठिकाणी. पगार थकत गेले, कंपनी सरकार उसने देत गेलं, व्याज चढत गेलं, आणि कर्ज अर्ध्या कोटीच्या आसपास पोचलं. मग १८५३ च्या मे महिन्यात लॉर्ड डलहौसीच्या सरकारने निजामाकडून त्यापोटी वऱ्हाड ताब्यात घेतला. सोबत आणखी दोन तुकडेही होते, ते १८६० मध्ये परत मिळाले आणि ५० लाखांचं कर्जही माफ झालं. वऱ्हाड मात्र गेला तो गेलाच. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ, वाशीम. सुमारे ४६ हजार चौरस किलोमीटर, एक कोटीहून जास्त एकर. कापसाची काळीभोर जमीन!

आता दोन आकडे शेजारी ठेवा. १८५३: पन्नास लाखांच्या आसपासचं कर्ज, त्यापायी अख्खा वऱ्हाड गहाण. १८९१: ४६ लाखांचा एक दगड. हिऱ्याचा सौदा वऱ्हाडावर पसरून पाहा. एकरी साडेसहा आणे! अडतीस वर्षांपूर्वी जेवढ्या रकमेसाठी पाच जिल्हे हातचे गेले, जवळजवळ तेवढीच रक्कम एका मुठीसाठी कबूल केली. पुढे १९०२ मध्ये कर्झनने वऱ्हाड कायमचा खंडाने घेतला तो वर्षाला २५ लाखांवर. तो हिरा म्हणजे वऱ्हाडाचा दोन वर्षांचासुद्धा खंड नव्हे, हे ऐकून हसावं की रडावं कळत नाही. मी तर आधी हसलो.

इथून पुढे हसू जरा आवरतं घ्यावं लागेल.

१ जानेवारी १८७७. दिल्लीत लॉर्ड लिटनचा दरबार, व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही. ६३ संस्थानिक हजर. आपला निजामही होता, वय वर्षं दहा. पुणे सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी खादीचे कपडे घालून त्या झगमगाटात मानपत्र घेऊन गेले होते. तिकडे तोफा वाजत असताना दख्खन आणि मद्रास दुष्काळाने होरपळत होतं. त्याच जानेवारीत सर रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामावरच्या मजुरीचं नवं माप घालून दिलं: दिवसभर खडी फोडणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्य, म्हणजे ४५० ग्रॅम, आणि वर एक आणा. बाईला आणि पोराला त्याहून कमी. मजुरांनी हे माप नाकारून कामं सोडली, सार्वजनिक सभा त्यांच्या पाठीशी उभी राहिली.

त्याच काळात देशातून विलायतेला गहू गेला तो ६४ लाख हंड्रेडवेट, उच्चांकी निर्यात. आपल्या मोंढ्याच्या भाषेत साडेबत्तीस लाख क्विंटल. आजच्या मालगाडीत भरला तर ९३ गाड्या. शेपटीला इंजीन लावत उभ्या केल्या तर मुंबईपासून कल्याण ओलांडून अंबरनाथपर्यंत एकच एक गाडी! आता टेंपलच्याच मापाने वाटू, त्याहून एक दाणा जास्त नको. एक पौंड एका माणसाला एका दिवसाला. ७१ कोटी ६८ लाख माणसांचं दिवसाचं धान्य होतं. म्हणजे १९ लाख ६० हजार माणसं वर्षभर. २०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्यात ११ लाख ७७ हजार माणसं होती. अख्खा हिंगोली जिल्हा, तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत, वीस महिने जेवला असता.

त्या दुष्काळात नुसत्या इंग्रजी अमलाखालच्या मुलखात मेलेल्यांचा अंदाज ५५ लाखांचा. आजच्या हिंगोलीएवढे साडेचार जिल्हे रिकामे.

मराठी लेखकाने हे पाहिलं नाही असं नाही. जोतीराव फुल्यांनी १८७७ मध्ये दुष्काळातल्या पोरांसाठी धनकवडीला आश्रम उघडला आणि नाव काय दिलं? व्हिक्टोरिया बालाश्रम! राणीच्या नावाने तिच्याच राज्यातली उपाशी पोरं जेवली. सहा वर्षांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून झाला. आणि १८८८ च्या मार्चमध्ये पुण्यात राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्या सन्मानाची मेजवानी होती तेव्हा जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात, फाटक्या पागोट्यानिशी तिथे गेले. भोवती जडजवाहीर ल्यायलेले पाहुणे. त्यांच्यावरून राज्याची परीक्षा करू नका, खरी प्रजा कशी आहे ते आपल्या आईला सांगा, असं त्यांनी राजपुत्राला तोंडावर सुनावलं. हरिभाऊ आपट्यांनी १८९६-९७ च्या दुष्काळावर 'काळ तर मोठा कठीण आला' ही गोष्ट लिहिली. डिकन्सच्या पुस्तकात शेवटी मोठा पक्षी क्रॅचिटच्या घरी पोचतो, मालकाला उपरती होते, पगार वाढतो. आपट्यांच्या शेतकऱ्याला असा मालक भेटणार कुठून? मला तरी हरिभाऊंची गोष्ट डिकन्सपेक्षा खरी वाटते, आणि ती आपल्याकडे डिकन्सच्या निम्म्यानेही वाचली जात नाही.

आता शेवटचा आणि आपल्या दारातला आकडा.

१८९९ चा पाऊस दगा देऊन गेला. छप्पनचा दुष्काळ. मराठवाडा १८७७ मध्ये दक्षिणेपेक्षा बरा सुटला होता, या वेळी सापडला. परभणी जिल्ह्याची, म्हणजे हिंगोली, वसमत, कळमनुरी, जिंतूर, पाथरी धरून, लोकसंख्या १८९१ च्या खानेसुमारीत सुमारे आठ लाख होती. १९०१ च्या खानेसुमारीत ती भरली सुमारे साडेसहा लाख. दीड लाख माणसं कमी. सगळीच मेली असं नाही. काही गाव सोडून गेली, काही जन्मालाच आली नाहीत. पण मोजणीला नव्हती एवढं खरं. लाल परीत ४४ माणसं बसतात. दीड लाख माणसांना बसवायला ३,४०० वर बसगाड्या लागतील. बंपरला बंपर लावून त्या उभ्या केल्या तर साडेसदतीस किलोमीटर. जवळा बाजारहून निघालेली ओळ औंढा मागे टाकून हिंगोलीच्या दिशेने जातच राहील, जातच राहील. आणि प्रत्येक गाडीतल्या प्रत्येक खिडकीशी माणूस.

रुपया काढा पुन्हा. १८७७ च्या टेंपलच्या दराने या दीड लाख माणसांना रोजचा एक आणा द्यायचा; बाईला तेवढाच, पोरालाही तेवढाच. धान्य वेगळं. वर्षभराचा हिशेब येतो ३४ लाख २० हजार रुपये. हिऱ्याचा सौदा ४६ लाखांचा. सगळ्यांना वर्षभर आणा देऊन पावणेबारा लाख उरतात!

बरं, ४६ लाख पुरे दिलेच नव्हते, वाद झाला होता. मग नुसते आगाऊ दिलेले २३ लाख घ्या. ३ कोटी ६८ लाख आणे. दीड लाखांनी भागा. २४५ दिवस. १८९९ च्या दसऱ्याला वाटप सुरू केलं असतं तर रोजचा एक आणा, एकाही माणसाला न चुकवता, दुसऱ्या वर्षाच्या मृग नक्षत्रापर्यंत पुरला असता. पाऊस हुकल्यापासून पुढच्या पेरणीच्या तोंडापर्यंत. बरोबर तेवढेच दिवस!

निजाम सरकारने त्या साली दुष्काळी कामं काढली नाहीत असं म्हणायचं नाही. मनमाड-सिकंदराबाद रेल्वेही त्याच सुमारास परभणीवरून धावू लागली, हिंगोलीला मात्र रूळ पोचायला १९१२ उजाडलं. हिरा तर दुष्काळाच्या आठ वर्षं आधीचा. एकाचे पैसे दुसऱ्याला दिले असते असं कुणी म्हणत नाही. पण दोन्ही आकडे एकाच राज्याचे, एकाच राजाच्या कारकिर्दीतले, आणि एकाच नाण्यात मोजलेले. हिऱ्याचा कागद न् कागद जपला गेला. १९९५ मध्ये केंद्र सरकारने निजामाचे १७३ दागिने २१८ कोटींना घेतले, त्यात हा हिरा आला, आणि आता तो रिझर्व्ह बँकेच्या ताब्यात आहे. त्याचं वजन कॅरेटच्या दुसऱ्या दशांशापर्यंत ठाऊक आहे. दीड लाख माणसांची नावं मात्र एकत्र कुठेच लिहिलेली नाहीत. ती विखुरलेली आहेत. जवळा बाजार, औंढा, वसमत, कळमनुरी या पट्ट्यात ज्यांच्या घरी भाटाची वही वाचली जाते, जुन्या सोयरिकीच्या याद्या आहेत, सावकारी पेढीच्या मोडीतल्या चोपड्या माळ्यावर पडल्या आहेत, त्यांनी त्या १८९९ आणि १९०० च्या पानांवर एकदा उघडाव्यात. ज्यांची नोंद तिथे तुटते, त्यांची नावं उतरवून घ्या, आणि मोडी वाचणारं माणूस गावात अजून असेल तर हे काम या उन्हाळ्यातच करा.